सगळे कप्पे एकाच मापाचे

आमच्या ट्वेरदालच्या दरीत लग्न ठरलं की नवरीचा चांदीचा मुकुट कुणाच्या घरून मागून आणायचा, याच्या आधी हेरब्रांडला कुठल्या बाकावर बसवायचं हे ठरे. त्याच्या आसपास बसणारे हसून हसून बीअर सांडत, आणि ती कुणाच्या ठेवणीतल्या कोटावर सांडू द्यायची हा नाजूक प्रश्न असे. हेरब्रांड विनोद करायचा तो फक्त एकाच माणसावर, म्हणजे स्वतःवर. त्यामुळे कुणाला राग यायचा नाही आणि त्याची कुणाला भीतीही वाटायची नाही. पन्नाशी ओलांडलेला, वाकलेल्या खांद्यांचा, उजव्या हाताच्या अंगठ्यावर कानशीचा कायमचा घट्टा पडलेला हा माणूस. वीस वर्षं त्याने खालच्या मुलखात सरकारी बंदुकांच्या कारखान्यात काढली होती.

"माझी आणि त्या बंदुकीची जोडी देवानेच लावली," तो सुरू करी. "अठराशे बेचाळीस साली ती निघाली. साऱ्या युरोपातले शिपाई तेव्हा नळीच्या तोंडातून बारूद ठासत उभे होते, गज वर-खाली करून घामाघूम होत होते. आणि आपण? आपण मागून भरायला लागलो! बाजूची दांडी फिरवली की मागचा कप्पा वर उचलला जातो. त्यात काडतूस ठेवायचं, दांडी उलटी फिरवायची, कप्पा नळीत जाऊन बसतो. उभ्याने भरा, पालथं पडून भरा, झाडावर बसून भरा."

"आणि घोडा?" कुणीतरी हमखास विचारी. ते विचारणं हा कार्यक्रमाचाच भाग होता.

"घोडा खाली! पोटाशी! जगातल्या समस्त बंदुकांचा घोडा वरती, आपल्याच बाईसाहेबांचा खाली. म्हणजे घोड्याच्या ठोक्याने बार पेटवणारी ती तांब्याची टोपी लावायची तीही खालून. डिसेंबरात बोटं आखडलेली असताना लावून बघा. मी दोन कवायतींत मिळून सदतीस टोप्या बर्फात पेरल्या. अजून एकही उगवलेली नाही."

"मग लढाईत काय केलंत तिचं?"

"लढाई! चौसष्ट साली डेन्मार्कच्या मदतीला जायचं म्हणून आम्ही कारखान्यात पेट्या भरल्या. राजधानीत चर्चा सुरू झाली. चर्चा झाली, जेवणं झाली, परत चर्चा झाली, तोवर तिकडे लढाई आटोपली. मग आम्ही पेट्या रिकाम्या केल्या. ही माझी मोहीम! पंचवीस वर्षं आपण सगळ्या जगाच्या पुढे होतो, आणि एवढ्या काळात त्या बंदुकीने शत्रू म्हणून काय टिपलं, तर कवायतीच्या मैदानामागची पाद्रीबाईंची मेंढी. तीही मीच टिपली. निशाणा उजवीकडे होता."

यानंतर शेवटचा आणि सगळ्यात गाजलेला भाग यायचा. हेरब्रांड हात वर करून शांतता मागायचा आणि म्हणायचा, "चौदाशे कप्पे घासले मी या हातांनी. आणि मी असा आळशी, की कोण प्रत्येक बंदुकीचं माप बघत बसतो? सगळे कप्पे एकाच मापाचे करून टाकले. कुठलाही काढा, कुठेही बसवा!" मग बाकं हादरेपर्यंत हशा.

खरी गोष्ट अगदी उलट होती. कप्प्याचं तोंड आणि नळीची मागची बाजू यांच्यात केसाचीही फट राहिली तर बार उडताच पेटता वायू त्या फटीतून मागे येतो, आणि मागे शिपायाचा चेहरा असतो. म्हणून प्रत्येक कप्पा त्याच्या त्याच्या नळीशी हाताने जुळवावा लागे. तोंडाला काजळी लावायची, दांडी फिरवून कप्पा आत बसवायचा, परत काढायचा, काजळी कुठे पुसली गेली ते बघायचं, तेवढंच कानशीने घासायचं. हे पंधरा-वीस वेळा. जुळला की कप्प्यावर आणि नळीवर एकच आकडा ठोकायचा, म्हणजे त्या दोघांची ताटातूट होऊ नये. हेरब्रांडचा हात या कामात फार चांगला होता, पण चांगल्या हाताच्या गोष्टीला कोण हसतं? त्यामुळे ती त्याने कधी सांगितलीच नाही.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली नव्हती. ती बायकोलाही माहीत नव्हती.

अडुसष्ट सालच्या मार्चमध्ये घाईचे दिवस होते. नव्या अमेरिकी नमुन्याच्या बंदुका येणार, जुन्या बंद होणार, तेव्हा हातातलं काम संपवा, असा हुकूम आला होता. हेरब्रांडच्या धक्क्याने ट्रे पडला आणि आकडे न ठोकलेले दोन कप्पे जमिनीवर एकत्र झाले. कुठला कुठल्या नळीचा ते कळेना. पुन्हा काजळी लावायची तर अर्धा दिवस गेला असता. त्याने एक उचलला, बसवून बघितला, बसल्यासारखा वाटला. जवळपास एकाच मापाचे तर आहेत, असं स्वतःशी म्हणून त्याने आकडा ठोकला. दुसऱ्या दिवशी ती बंदूक चाचणीला गेली. चाचणीचे बार काढणारा माणूस होता आमुंड. हेरब्रांडच्या शेजारच्या खोलीत राहणारा, त्याच्या पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर घेऊन उभा राहिलेला. त्या बाराने आमुंडचा उजवा डोळा गेला.

तपासणी झाली. कारण सापडलं नाही, असं कागदावर लिहिलं गेलं. हेरब्रांड गप्प राहिला. दोन महिन्यांनी त्याने काम सोडलं आणि घरी येऊन सांगितलं की नव्या बंदुका आल्या, आता कानशीवाल्यांना कोण विचारतो. पहिल्याच लग्नात कुणीतरी कारखान्याबद्दल विचारलं, आणि त्याच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "सगळे कप्पे एकाच मापाचे." लोक हसले. आपल्याला टोचणाऱ्या गोष्टीला लोक हसतात म्हटल्यावर त्याला बरं वाटलं. मग तो ती सांगतच राहिला.

अकरा वर्षांनी, एकोणऐंशीच्या जूनमध्ये, त्याच्या त्याच पोरीचं, ओस्नेचं, लग्न निघालं. नवरा मुलगा अस्लाक नदीच्या पलीकडच्या काठचा, सरळमार्गी. आमच्याकडे चर्चमधून परतणाऱ्या वरातीला बंदुकांची सलामी देतात, आणि जितके बार तितका मान. लष्कराने काढून टाकलेल्या त्या मागून भरायच्या बंदुका आधीच्या वर्षी लिलावात शेळीच्या भावात विकल्या होत्या. आमच्या दरीत अकरा आल्या. अकराही पुलापलीकडच्या खडकावर उभ्या करायच्या, हे हेरब्रांडचा जुना दोस्त स्वेनुंग याने अंगावर घेतलं. आयुष्यभर हसं झालेल्या बापाला निदान पोरीच्या लग्नात मोठा आवाज मिळू दे, असं त्याचं म्हणणं.

आदल्या दिवशी हेरब्रांड आमुंडला आणायला गाडी घेऊन खाली गेला. ओस्नेने हट्टच धरला होता की आमुंडकाका आल्याशिवाय मी घोड्यावर बसणार नाही. आमुंड नाताळला पत्र पाठवी, भेट मात्र क्वचितच व्हायची. वाटेत दोघं हवेबद्दल बोलले, चाऱ्याबद्दल बोलले. हेरब्रांडने मेंढीची गोष्ट सांगितली. आमुंड हसला, आणि हसताना त्याची रिकामी पापणी हलली, तेव्हा हेरब्रांड घोड्याचे कान बघू लागला.

लग्न लागलं. वरात परत निघाली. पुढे घोड्यावर फिडलवाला, मागे मुकुट सावरत ओस्ने, मग अस्लाक, मग पाहुण्यांच्या गाड्या. पुलाच्या अलीकडे घोड्यांना दम द्यायला थांबायची पद्धत आहे, तिथे स्वेनुंग लाकडी वाडग्यात बीअर घेऊन सामोरा आला. वर खडकावर त्याची दहा माणसं टोप्या हलवत होती.

"हेरब्रांडा, लेका, आज ऐक तू आवाज!" स्वेनुंग म्हणाला. "काल दुपारी सराव केला. एकेक बार असा, की खाली रोस्टाडच्या गाई उधळल्या."

"त्या तुला बघून उधळल्या असतील," हेरब्रांड म्हणाला.

"आणि सराव झाल्यावर सगळं चकाचक धुतलं. बारुदाची काजळी ती, गरम पाण्याशिवाय निघते का? तुझ्याच अंगणात, गुनवोरच्या टबात सगळे कप्पे घातले आणि उकळतं पाणी."

"माझ्या टबात!" मागच्या गाडीतून हेरब्रांडची बायको गुनवोर ओरडली. "अहो, तुम्ही गाडी घेऊन उंडारायला गेलात आणि यांनी माझ्या टबाची भट्टी केली. पाहुण्यांच्या चादरी राखाडी निघाल्यात. विचारा त्याला!"

"चादरीवर झोपायचं असतं वहिनी, बघत बसायचं नसतं," स्वेनुंग म्हणाला. "तर काय सांगत होतो, अकरा कप्पे एका टबात. बाहेर काढल्यावर एक पोरगं विचारतं, कुठला कुणाचा? मी म्हटलं, अरे बाबा, हेरब्रांडच्या हातचे आहेत, कुठलाही काढ, कुठेही बसव!"

सगळे हसले. हेरब्रांडही हसला. सवयीने हसला, आणि मग त्याने खडकावरच्या बंदुकांकडे बघितलं.

"आकडे बघितलेस का?" त्याने विचारलं.

"कसले आकडे?"

"नळीवरचा आणि कप्प्यावरचा. एकच लागतो. स्वेनुंग, ते एका मापाचे नाहीत. बार काढू नका."

स्वेनुंगने असं काही खदखदून हसायला सुरुवात केली की वाडग्यातली अर्धी बीअर त्याच्या बुटांवर गेली. "हा तर ठेवणीतला काढलास! पोरीच्या लग्नासाठी राखून ठेवला होतास होय?" आणि तो हसत हसतच पूल ओलांडून खडक चढायला लागला.

हेरब्रांड त्याच्यामागे धावला. ठेवणीतला कोट, नवे बूट, पन्नाशीची धाप. आपण कसे दिसत असू हे त्याला पुरतं ठाऊक होतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी त्याने याचीच दोन महिने पुरतील इतकी गोष्ट केली असती. "थांबा!" तो ओरडला. "भरू नका! डोळे जातील!" वरून हशा आला. तो हात हलवू लागला तसा हशा वाढला. खाली पाहुणे हसू लागले, फिडलवाल्याने एक गमतीदार सूर छेडला, आणि घोड्यावर बसलेली ओस्ने मुकुट धरून म्हणाली, "बाबा, पुरे हो! मुकुट पडेल माझा!"

वर पोचला तेव्हा काहींनी बंदुका भरल्यासुद्धा होत्या. त्याने एकाच्या हातातली हिसकावली आणि आकडे दाखवले. नळीवर दोनशे बारा, कप्प्यावर तीनशे चाळीस. "हे बघ! वेगळे आहेत!"

"माझ्या दोन्ही बुटांची मापंही वेगळी आहेत काका," तो पोरगा बंदूक परत घेत म्हणाला. "चालतोय ना मी?"

पुन्हा हशा. खाली वरात हलली. ओस्नेचा घोडा पुलावर आला. घोडा पूल उतरला की बार, असं ठरलेलं. अकरा गाल अकरा दस्त्यांना टेकले. प्रत्येक डोळ्याच्या वीतभर पुढे एक परका कप्पा होता, आणि हेरब्रांडला कळून चुकलं की तो जितकं ओरडेल तितके हे लोक जास्त हसतील. अकरा वर्षं त्याने या माणसांना हेच तर शिकवलं होतं.

त्याने ओरडणं थांबवलं. खाली दुसऱ्या गाडीत आमुंड टोपी मांडीवर घेऊन बसला होता, चांगला डोळा बारीक करून वर बघत. पुलाखालच्या पाण्याला त्या जूनमध्ये फारसा आवाज नव्हता, आणि खडकावरचं बोलणं खाली नीट ऐकू जातं. हेरब्रांडलाही ते माहीत होतं.

"आमुंडचा डोळा माझ्यामुळे गेला," तो म्हणाला.

कुणीतरी हसायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"माझ्या हातून दोन कप्पे एकत्र झाले. अर्धा दिवस वाचवायला मी कुठलातरी एक त्या नळीत बसवला आणि त्यावर आकडा ठोकला. तीच बंदूक आमुंडच्या हातात गेली. तपासणीत मी गप्प बसलो. मी काम सोडून आलो ते नव्या बंदुका आल्या म्हणून नाही. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना म्हणून आलो. आणि इथे येऊन मी त्याचा विनोद केला. तुम्ही सगळे तो विनोद खरा धरून उभे आहात. तेव्हा आता हसायचं तर हसा, पण बंदुका खाली ठेवा."

स्वेनुंगने बंदूक खाली ठेवली. मग एकेक करून सगळ्यांनी. खाली अस्लाकने ओस्नेच्या घोड्याचा लगाम धरला होता, आणि घोडा पुलाच्या मधोमध उभा होता. नवरीचा घोडा पुलावर थांबणं फार वाईट समजतात, पण त्या वेळी कुणी ते बोललं नाही.

आमुंड गाडीतून उतरला. एका डोळ्याने चढ नीट कळत नाही, म्हणून तो हात टेकत, पाय चाचपत वर आला. कुणी हात द्यायला पुढे झालं नाही, हेरब्रांडची तर हिंमतच नव्हती. वर आल्यावर तो खडकावर बसला, त्याने कोट काढून पसरला आणि म्हणाला, "कप्पे काढा. आधी बारूद ओतून टाका. मी आकडे वाचतो, तू नळ्या शोध."

मग दोघं जुने कारागीर गुडघ्यांवर बसले. आमुंड कप्पा डोळ्याजवळ नेऊन, अंगठा फिरवून आकडा सांगे, हेरब्रांड ती बंदूक शोधून, कप्पा बसवून, दांडी फिरवून बघे. दोघांमध्ये आकड्यांशिवाय शब्द नाही. दहा जोड्या लागल्या. अकरावी लागेना, ती लिलावातच बेजोड विकली गेली असणार; काल सरावात तिने कुणाचा डोळा घेतला नाही, हे नशीबच. ती स्वेनुंगने स्वतःच लांब नेऊन ठेवली. या सगळ्याला तासभर गेला. खाली घोडे माश्या हाकत होते, आणि घरी चुलीवरच्या सायीच्या लापशीचं काय झालं असेल हे गुनवोर आल्यागेल्याला मोठ्याने सांगत होती. पण तिचाही आवाज नेहमीपेक्षा खालचाच होता.

मग दहा बार झाले. आवाज चांगला मोठा होता. ओस्ने पूल उतरून गेली. खडकाखालून जाताना तिने मान वर केली आणि बापाकडे बघितलं, पण त्या बघण्यात काय होतं ते हेरब्रांडला कळलं नाही, आणि विचारायला ती जागा नव्हती.

लापशी खरोखरच करपली होती. लोकांनी ती मुकाट्याने खाल्ली. नाच झाला, फिडल वाजली. हेरब्रांडला त्याच्या नेहमीच्या बाकावर बसवलं होतं, आणि आसपासच्या कोटांवर एक थेंबही सांडला नाही. एकदा त्याने तोंड उघडलं, तर टेबलावरचे सगळे बोलायचे थांबून त्याच्याकडे बघू लागले. काय ऐकावं लागेल याची त्यांना खात्री नव्हती. त्याने ब्रेड मागितला.

संध्याकाळचं ऊन अजून अंगणात होतं. आमुंड कुंपणाजवळच्या ओंडक्यावर एकटाच बसला होता. हेरब्रांडने बीअरचा वाडगा भरला आणि तो दोन्ही हातांनी धरून त्याच्याकडे गेला. वाटेत त्याने म्हणायच्या चार-पाच गोष्टी जुळवल्या होत्या. त्यातली एक तर चक्क विनोदी निघाली, तेव्हा त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"तू मला मारलंस तरी चालेल," शेवटी तो म्हणाला. "मी पळणार नाही. तसाही मला पळता येत नाही, आज सगळ्यांनी बघितलंच."

आमुंड हसला नाही. त्याने वाडगा घेतला, पण प्यायला नाही.

"चाचणीला दुप्पट बारूद भरायचं असतं," तो म्हणाला. "तुला माहीत आहे. तपासणीच्या साहेबाने मला विचारलं, मोजून भरलंस ना? मी म्हटलं, भरलं. पण घरी गेल्यावर मला खात्री वाटेना. त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं, पोरगी आजारी होती. मला वाटलं, तिप्पट पडलं असणार."

आमुंडने वाडगा शेजारी ओंडक्यावर ठेवला.

"कारण सापडलं नाही म्हणजे काय, तर माझंच काहीतरी चुकलं आणि साहेबाने दया केली. बायकोलाही मी तेच सांगितलं. ती गेली तेव्हाही तिला तसंच वाटत होतं. अकरा वर्षं, हेरब्रांड. रोज सकाळी उठून मी ते माप पुन्हा भरतो. हात असा नेतो, माप असं बुडवतो, असं ओततो. रोज मोजतो. कधी दुप्पट भरतं, कधी तिप्पट."

एक डोळा घेतला, एवढाच आपला गुन्हा, असा हिशेब हेरब्रांड आजवर करत आला होता. तोही चुकला होता.

"बस इथे," आमुंड म्हणाला. "मघाशी खडकावर तू फार भरभर सांगितलंस. ट्रे कसा पडला, कुठला कप्पा उचललास, सगळं पहिल्यापासून सांग. हळू सांग."

हेरब्रांड खाली गवतात बसला आणि सांगू लागला. आमुंडने डोळा मिटून घेतला होता. मध्येच थांबवून तो विचारी, "म्हणजे माझं माप बरोबर होतं?" आणि हेरब्रांड म्हणे, "बरोबर होतं, आमुंड. तुझं बरोबर होतं." थोडं पुढे गेलं की तो पुन्हा तेच विचारी.